घास घशाखाली का उतरत नाही?

मैत्रिणींनो, ‘मूल जेवत नाही’ म्हटलं की आपल्याकडे आधी आईलाच विचारतात, ‘लाडावून ठेवलंस ना?’ अंबडच्या माझ्या धाकट्या जावेनं दोन वर्षं हेच ऐकलं. तिचा मुलगा तीन वर्षांचा झाला तरी पातळ वरणभातापुढे जाईना. भाकरीचा कुस्करा तोंडात गेला की ठसका, उलटी, रडारड. वजन वाढेना. घरात तो हट्टी ठरला आणि ती निष्काळजी!

अखेर बालरोगतज्ज्ञांच्या सांगण्यावरून ती छत्रपती संभाजीनगरला जाऊ लागली. मीही सोबत असे. तिथे वाचोपचारतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट अशा दोघीजणींनी त्याला एकत्र बसून जेवताना पाहिलं. तुम्ही म्हणाल, बोलायला शिकवणाऱ्या बाईंचा जेवणाशी काय संबंध? अहो, ज्या ओठ-जिभेनं आपण बोलतो, त्यांनीच तर घास फिरवतो आणि गिळतो! त्याची जीभ घास दाढेकडे नेतच नव्हती, हे त्या बाईंनी हेरलं. दुसरीच्या ध्यानात आलं की त्याचे पाय लोंबकळतात, पाठ वाकते आणि हाताला चिकट काही लागलं की तो अंग चोरतो. सगळी ताकद सावरून बसण्यातच गेली, तर चावायला उरणार काय?

मग पायांखाली पाट आला, पाठीला उशी आली. कणकेच्या गोळ्याशी खेळ सुरू झाला. त्यानंतर दाढेच्या बाजूला मऊ घास. एकीनं नीट बसवलं, म्हणून दुसरीला चावायला शिकवता आलं. शिवाय दोघींची वेळ एकाच दिवशी मिळे. वेगवेगळ्या दिवशी एसटीचे हेलपाटे घालावे लागते, तर जावेनं केव्हाच सोडून दिलं असतं. सात महिन्यांनी पोरानं वरणात कुस्करलेली पोळी खाल्ली!

ही विद्या आपल्याकडे कालपरवाची नाही. जन्मानं अमेरिकन, पण लग्नानं आपल्याकडच्या झालेल्या कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. पुढे २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी ठरलेली आहे. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत पथक येतं, तेव्हा पाहते. उंची-वजन मोजलं जातं, पण मूल घास कसा गिळतं ते तिथे कुणाला दिसणार? ते आपणच होऊन सांगायला हवं.

मूल जेवताना वारंवार ठसकत असेल, जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर येत असेल, छाती सारखी भरत असेल किंवा वजन थांबलं असेल, तर डॉक्टरांना दाखवाच. मुलाला आडवं धरून बोंडल्यानं दूध ओतू नका, नाक दाबून घास कोंबू नका. आणि शेजारणीचं मूल जेवत नसेल, तर तिला बोल लावण्याआधी त्याचे पाय टेकलेत का, तेवढं जरूर बघा.