मूठभर डाळीचा हिशेब

हिमोग्लोबिन कमी आलं तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "रोज जेवता काय?" "सगळं जेवतो" या उत्तरानं त्यांचं समाधान झालं नाही. घरी आल्यावर माझंही होईना.

लोणावळ्यात आमच्याकडे दोन्ही वेळा भात. तोही इंद्रायणीचा. हे वाण इथून जवळच, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालं. मऊ, चिकटसर, सुवासिक; भाजी नसली तरी पोटभर जेवण होतं. मी ओट्यावर छोटा वजनकाटा ठेवला आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटकांचे तक्ते मिळवले. ५२८ पदार्थ, आणि त्यातली धान्यं, डाळी कच्च्या. म्हणून मोजायचं ते शिजवण्याआधी. शिजताना भात पाणी पिऊन अडीच-तीन पट होतो. पातेल्यातला भात तोलून कच्च्या तांदळाचा आकडा लावला, तर नसलेली प्रथिनं कागदावर दिसायला लागतात.

"भात कशाला मोजतेस गं? पोट मोजतंय की," सासूबाई म्हणाल्या.

पण पोट भरतं ते कशानं, हेच मला बघायचं होतं. चौघांच्या आमटीला त्या मूठभर तूरडाळ घेतात. ती मूठ काट्यावर ठेवली, ५० ग्रॅम भरली. १०० ग्रॅम तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे माणशी तीन ग्रॅमसुद्धा नाहीत. ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम लागतात. दिवसभरातल्या २०० ग्रॅम तांदळातून येतात जेमतेम सोळा. लोहाचं तर विचारूच नका: गरज २९ मिलिग्रॅमची, आणि तेवढ्या तांदळातून दीडही नाही. गावभर चिक्कीची दुकानं आहेत, पण आमच्या घरी शेंगदाणा फक्त उपासाला आठवायचा.

"आई, डाळ दुप्पट टाकू या?"

"टाक की. पण हुलगं विसरलात तुम्ही. आमच्याकडं पावसाळ्यात माडगं असायचंच."

त्यांचं माहेर पवन मावळातलं. मी तक्त्यात हुलगा शोधला. प्रथिनं तुरीइतकीच, पण लोह नऊ मिलिग्रॅमच्या आसपास, तुरीच्या दुपटीहून जास्त. त्यांनी हुलगे खरपूस भाजले, दळून पीठ केलं, पाण्यात कालवून लसूण-जिऱ्याच्या फोडणीत उकळलं. घरभर वास सुटला. आता आठवड्यातून दोन-तीनदा माडगं किंवा मोड आलेल्या हुलग्यांची उसळ असते, वर लिंबू पिळून, कारण क जीवनसत्त्वामुळे कडधान्यांतलं लोह अंगी लागायला मदत होते. रात्रीच्या भाताची जागा बऱ्याचदा नाचणीची भाकरी घेते. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आहे, तेवढ्याच वजनाच्या गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. यातलं काहीच महाग नाही. प्रथिनांच्या डब्यांवर पैसे घालणाऱ्यांना मी हेच सांगते.

खरा विरोध झाला तो जेवणानंतरच्या चहाला हात लावल्यावर. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह बांधून ठेवतं, म्हणून तासभर थांबायचं. बाहेर पाऊस कोसळत असताना हे सांगणं सोपं नाही. सासूबाई थांबतात. सासरे अजून ऐकत नाहीत. या रविवारी त्यांचंच ताट मोजून आकडे त्यांच्या हातात देणार आहे.