शब्दाला जामीन कोण?

गुन्ह्याचा अभ्यास करणाऱ्यापुढे एक अडचण असते, ती इतर शास्त्रांच्या वाट्याला क्वचितच येते. इतिहासकार ज्यांच्याविषयी लिहितो ती माणसे बहुधा मृत्यूच्या पलीकडे सुरक्षित असतात. गुन्हेशास्त्रज्ञाला मात्र ज्ञान मिळते ते हयात माणसाच्या तोंडून. आणि तो माणूस जितके खरे बोलेल तितका स्वतःविरुद्धचा पुरावा तयार करीत जातो. त्याने बोलावे म्हणून अभ्यासक त्याला शब्द देतो : हे तुमच्या-माझ्यातच राहील. या शास्त्राचा फार मोठा भाग अशा शब्दावर उभा आहे. पण त्या शब्दाला जामीन कोण राहते, हा प्रश्न बहुधा उशिरा विचारला जातो.

उत्तर आयर्लंडमध्ये तो असाच उशिरा विचारला गेला. तेथील तीन दशकांच्या यादवीत साडेतीन हजारांवर माणसे मेली. 1998 च्या करारानंतर बंदुका बहुतांशी थंडावल्या, आणि लढणारे म्हातारे होऊ लागले. त्यांच्याबरोबर त्यांची हकीकतही मातीत जाईल, या जाणिवेतून अमेरिकेतील बॉस्टन कॉलेजच्या आश्रयाने 2001 ते 2006 या काळात दोन्ही बाजूंच्या चाळीसहून अधिक माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. प्रकल्पाचे सूत्रधार पत्रकार एड मोलोनी होते. प्रजासत्ताकवाद्यांच्या मुलाखती घेणारे अँथनी मॅकिंटायर स्वतः आयआरएचे सदस्य म्हणून दीर्घ तुरुंगवास भोगून पुढे डॉक्टरेट मिळवलेले होते. आपल्यातलाच माणूस समोर बसला होता, म्हणून ओठ उघडले. अट एकच होती : बोलणारा जिवंत असेतो, त्याच्या संमतीवाचून, फीत कोणालाही ऐकवायची नाही.

ब्रेंडन ह्यूज 2008 मध्ये निवर्तले आणि 2010 मध्ये मोलोनींच्या पुस्तकातून त्यांचे कथन प्रसिद्ध झाले. त्यात जीन मॅकॉनव्हिल यांचा उल्लेख होता. दहा मुलांच्या या विधवा आईला 1972 च्या डिसेंबरात बेलफास्टमधील घरातून पळवून नेऊन ठार करण्यात आले होते; तिचे अवशेष सापडले 2003 मध्ये, सीमेपलीकडच्या एका समुद्रकिनाऱ्यावर. त्या पुस्तकामुळे फितींचे अस्तित्व जगजाहीर झाले. 2011 मध्ये ब्रिटनने उभय देशांतील कायदेविषयक साहाय्याच्या कराराचा आधार घेतला आणि बॉस्टन कॉलेजच्या हाती समन्स पडले.

येथे कोणाची बाजू घ्यावी? अभ्यासकाच्या शब्दाची बूज राखावी, असे म्हणणे सोपे आहे. पण त्या दहा मुलांतली बरीचशी वेगवेगळ्या अनाथाश्रमांत वाढली आणि आईचे काय झाले हे कळण्यासाठी ती तीस वर्षे थांबली. त्यांच्यासमोर उभे राहून 'संशोधनाची गोपनीयता' हा शब्द उच्चारायला धैर्य नव्हे, निर्ढावलेपण लागेल. उलट, दिलेला शब्द मोडावा म्हटले, तर यापुढे कोणत्याही युद्धानंतर कोणीही तोंड उघडणार नाही, आणि पुढच्या पिढ्यांची मुले तीस वर्षांऐवजी कायमची अंधारात राहतील. दोन्ही बाजूंना न्याय आहे, म्हणूनच हा प्रश्न नीतीचा आहे. एका बाजूला केवळ स्वार्थ असता तर तो इतका अवघड झाला नसता.

अमेरिकी न्यायालयांनी या प्रकरणी अभ्यासकाला विशेष अधिकार नाकारला. त्या देशात न्याय विभागाच्या निधीवर चालणाऱ्या संशोधनात मिळालेली व्यक्तिगत माहिती कायद्यानेच न्यायालयाबाहेर ठेवली जाते. बेलफास्टच्या फितींना तसले कवच नव्हते. मोलोनींनी महाविद्यालयाशी केलेल्या करारात 'अमेरिकी कायदा परवानगी देईल तेथवर' अशी मर्यादा होती. मुलाखत देणाऱ्यांनी ज्या कागदावर सही केली, त्यात ती नव्हती. नीतीचा सारा प्रश्न या गाळलेल्या ओळीत साठला आहे. शब्द मोडण्यापूर्वीच तो ऐपतीपेक्षा मोठा दिला गेला होता.

अशा वेळी अभ्यासक स्वतःच जामीन राहू शकतो. वॉशिंग्टन राज्यातील समाजशास्त्राचे विद्यार्थी रिक स्कार्स यांनी प्राणिहक्क चळवळीतील माणसांविषयी ग्रँड ज्युरीपुढे बोलायला नकार दिला आणि 1993 मध्ये 159 दिवस तुरुंगात काढले. परंतु सर्वांकडून अशा निग्रहाची अपेक्षा धरून कोणतेही शास्त्र चालत नाही.

भारतातील अभ्यासकालाही हा हिशेब चुकलेला नाही. अशिलाने वकिलाला सांगितलेले गुपित आपला साक्षीपुराव्याचा कायदा 1872 पासून जपत आला आहे, आणि 2023 च्या नव्या अधिनियमानेही ते जपले. संशोधकाला मात्र तसे संरक्षण त्यात कोठेच नाही. उलट, खुनासारख्या अपराधाची माहिती असेल आणि पुरेसे कारण नसेल, तर ती पोलिसांना कळवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य मानले आहे. तेव्हा कारागृहाच्या भेटीच्या खोलीत 'निर्धास्त बोला' म्हणणारा अभ्यासक जे स्वतःच्या हाती नाही ते देऊ करीत असतो. नावे, तारखा, ठिकाणे सांगू नका. सांगितलीत तर मला ती लपवता येणार नाहीत, असे आरंभीच म्हणणे हीच खरी सचोटी. त्याने कथन काहीसे फिके होईल, पण सांगणारा फसवला जाणार नाही.

बेलफास्टच्या फितींचा शेवट हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. त्यांतील काही अंश 2013 मध्ये पोलिसांच्या हाती गेले. 2019 मध्ये बेलफास्टच्या न्यायालयात एका वयोवृद्ध आरोपीविरुद्ध त्या पुढे आल्या, तेव्हा न्यायाधीशांनी त्या अविश्वसनीय ठरवून पुरावा म्हणून नाकारल्या आणि आरोपी निर्दोष सुटला. तत्पूर्वी, 2014 मध्येच, मागतील त्यांच्या मुलाखती त्यांना परत देण्याचे महाविद्यालयाने जाहीर केले होते. मुलांना न्याय मिळाला नाही, बोलणाऱ्यांना सुरक्षितता मिळाली नाही, आणि ज्या इतिहासासाठी हा सारा खटाटोप, त्याच्या कपाटातून फिती निघून जाऊ लागल्या.