हाती घेतलेली कामे

हस्तकलेची खरी आवड असलेल्या माणसाच्या घरात एका वेळी एकच काम चालू आहे, असे दृश्य माझ्या पाहण्यात फारसे आलेले नाही. आणि आमच्या बेळगावच्या घरात तर ते कधीच नव्हते. आज मार्गशीर्षाच्या आरंभी चालू कामांची फेरिस्त करावयास बसले, तर तीत इतकी कलमे निघतात: इरकली लुगड्याच्या पदरावर घातलेला कशिदा, ज्यातील गोपुर उभे राहिले असून रथाची चाके व्हावयाची आहेत; नातवासाठी सुयांवर चढवलेला स्वेटर, ज्याची पाठ उतरली आहे आणि पुढचा भाग काखेपर्यंत आला आहे; आत्याबाईंसाठी घेतलेली गोधडी; माजघराच्या दारासाठी आरंभलेले क्रोशाचे तोरण; आणि धाकट्या भाच्याचे लग्न गेल्या वैशाखात झाले असल्यामुळे, त्याच्या पत्नीच्या पहिल्या संक्रांतीसाठी करावयाचे हलव्याचे दागिने. एक काम पुरे करावे आणि मगच दुसऱ्याला हात लावावा, असा उपदेश करणारी हितचिंतक माणसे मला आयुष्यभर भेटत आली आहेत, आणि त्यांच्या उपदेशामागचा जिव्हाळा मी जाणते; परंतु इतकी वर्षे सुईदोऱ्याच्या सहवासात घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की, कामे किती आहेत हा प्रश्न गौण असून, कोणते काम कोणासाठी खोळंबले आहे आणि त्या व्यक्तीला किती काळ थांबणे शक्य आहे, हाच विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

कामे अनेक का होतात, याचे कारण बहुतेक लोक करणाऱ्याच्या चंचलपणात शोधतात. मला ते कामांच्या प्रकृतीत दिसते. कशिद्याचेच पाहावे. गावंती, मुरगी, नेगी आणि मेंथी हे त्याचे चार टाके. कापडावर आधी नक्षी रेखाटावयाची नाही, उभे-आडवे धागे मोजूनच सुई घालावयाची, दोऱ्याला गाठ मारावयाची नाही, आणि गावंती व मुरगी यांचे काम कापडाच्या दोन्ही अंगांनी सारखेच दिसले पाहिजे, अशी या कलेची शिस्त असल्यामुळे, ते काम सकाळच्या स्वच्छ उजेडाचे आणि एकांताचे आहे. इरकलीच्या गडद पोतातले धागे दिव्याच्या प्रकाशात नीट मोजता येत नाहीत, आणि मोजणी चालू असता कोणाशी दोन शब्द बोलले तरी एखादा धागा अधिक-उणा होतो. याच्या उलट स्वेटरचे. बाराच्या सुयांवर खालची पट्टी झाली आणि दहाच्या सुयांवर सरळ अंग सुरू झाले की, एक ओळ सुलट व एक ओळ उलट अशी हाताला सवयीने साधणारी गती लागते, आणि मग संध्याकाळी घरातील माणसे भोवती बसलेली असताना, त्यांच्या गप्पांत पूर्ण भाग घेऊनही ते काम निर्वेध चालते. कशिदा हाती धरून गप्पांत बसणे जसे अशक्य, तसेच सकाळचा दुर्मिळ उजेड स्वेटरच्या सरळ ओळींवर खर्च करणे हा त्या उजेडाचा अपव्यय होय.

शिवाय कित्येक कामांत प्रतीक्षा ही त्या कामाचाच एक अंगभूत भाग असते. हलवा करताना परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घेऊन, मंद निखाऱ्यावर ती परात धरून, पाक चमचाचमचाने सोडत, बोटांनी दाणे सतत फिरवावे लागतात. एका दिवसात काटा कधीच येत नाही, आणि घाई करून पाक एकदम ओतला तर दाणे एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात. म्हणून थोडा थर द्यावा, दाणे निवू द्यावेत आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा परात मांडावी, असा तो क्रम कित्येक दिवस चालतो. तोही कोरड्या थंडीतच, कारण दमट हवेत साखर पाझरू लागते. गोधडीचा ऋतू याहून निराळा: जुनी लुगडी धुऊन कडक उन्हात वाळवणे, ती जमिनीवर थरावर थर अंथरणे, काठ जुळवून कच्च्या दोऱ्याने टाचणे, हे सारे चैत्र-वैशाखात व्हावे लागते, एकदा थर टाचले गेले की मग धावदोऱ्याचे काम थंडीत, गोधडीचाच एक भाग मांडीवर ओढून घेऊन, मोठ्या सुखाने करता येते. ज्वारीच्या शेतात शेतकरी तुरीचे पाटे घालतो, तेव्हा ज्वारी निघाल्यावरही तूर शेतात उभी राहणार हे तो पेरतानाच जाणून असतो, आणि त्या उभ्या तुरीला कोणी अपुरे राहिलेले काम म्हणत नाही. घरातील हस्तकामांचे भिन्न कालावधीही याच दृष्टीने पाहिले पाहिजेत.

अपुऱ्या कामाविषयीचा माझा आदर आणखी एका अनुभवाने दृढ झाला आहे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर सासूबाईंनी बाजूला ठेवलेला एक पदर माझ्याजवळ आहे. गावंतीची रीत अशी की, जाताना एकाआड एक जागा रिकामी सोडीत जावयाचे आणि परतताना त्या जागा भरीत मूळ बिंदूला यावयाचे. त्यामुळे पूर्ण झालेली रेषा अखंड दिसते आणि तिच्यामागचा सुईचा प्रवास दृष्टीआड होतो. सासूबाईंच्या पदरावरील तुळशीवृंदावनात मात्र जाण्याची वाट तेवढी झाली असून येण्याची राहिली आहे, आणि म्हणूनच पायऱ्यांवरून सुई वर कशी चढली, कोणत्या कोपऱ्यात वळून आतल्या चौकटीत शिरली, कोणती शाखा तिने परतीसाठी राखून ठेवली, हे सारे तेथे स्पष्ट वाचता येते. कशिद्यातील वाटा मी ज्या पाठावरून शिकले तो हा पदर होय. आणि तो पुरा करण्याचे सामर्थ्य हाताला आल्यानंतरही, शिकावयास येणाऱ्या मुलींना दाखवता यावा, या हेतूने मी तो तसाच राखला आहे.

अजिंठ्याच्या २४ क्रमांकाच्या लेण्यात याच सत्याचे भव्य रूप मी पाहिले. ४ क्रमांकाच्या विहाराखालोखाल मोठा असा हा विहार योजिला गेला, पण पुरा झाला नाही. पाचव्या शतकात वाकाटक सम्राट हरिषेण याच्या मृत्यूनंतर राजाश्रयाचा ओघ आटला आणि अजिंठ्याच्या छिन्न्या थांबल्या, असे अनेक अभ्यासक मानतात. पूर्णत्वास गेलेल्या लेण्यांत कामाचा क्रम सौंदर्यात विरून गेला आहे. या अपुऱ्या लेण्यात तो उघडा राहिला, आणि त्यावरून असे दिसून आले की, पडवी कोरून होताच तिच्या कडेच्या खोल्यांना काही कारागिरांनी हात घातला होता, व त्याच वेळी मधला मंडप आणि गर्भगृह यांवर इतर कारागिरांचे काम चालूच होते. एक भाग संपवून दुसरा आरंभावा, हा नियम त्या थोर शिल्पींनीही मानला नव्हता. जो भाग कामासाठी मोकळा होईल, तेथे हात पोहोचला पाहिजे, हे त्यांचे धोरण होते. आणि कामाला प्रशस्त वाव मिळावयाचा, तर धोरण तेच असावे लागते.

तथापि अनेक कामे एकाच वेळी चालवण्याचा अधिकार ज्याला हवा असेल, त्याने प्रत्येक कामाचे दप्तर चोख ठेवले पाहिजे, कारण बाजूला ठेवलेले काम निसर्गतः बिघडण्याकडे झुकते. लोकर घेताना लागेल तेवढी एकाच खेपेची घ्यावी; रंगाचा क्रमांक तोच असला तरी निरनिराळ्या वेळी रंगवलेल्या लोकरीत छटेचा सूक्ष्म भेद राहतो, आणि दुकानात डोळ्यांना न जाणवलेला तो भेद, पाठ आणि बाह्या जोडल्यावर दिवसाच्या उजेडात लपत नाही. विणकाम दीर्घकाळ तहकूब राहणार असेल तर टाके सुईवर ठेवू नयेत, ते सुती दोऱ्यावर ओवून घ्यावेत. सुईवर राहिलेल्या ओळीत ताणाची कायमची खूण उमटते, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात सुईला गंज चढला तर त्याचा डाग लोकरीवरून सहजी जात नाही. माणसाचा हातही ऋतूप्रमाणे आणि मनःस्थितीप्रमाणे सैल किंवा घट्ट होत असतो. म्हणून काही महिन्यांनी काम पुन्हा घेतल्यावर आधी थोडे विणून एका इंचात किती टाके बसतात ते मोजावे, आणि पूर्वीच्या भागाशी मेळ बसत नसेल तर नव्या ओळी उसवून सुई एका क्रमांकाने बदलावी. कशिदा थांबवावयाचा असेल तर जाण्याच्या वाटेवर कधीही थांबू नये. परतीची वाट पुरी करून, आरंभबिंदूला येऊनच सुई काढावी, कारण राखून ठेवलेल्या शाखा महिन्यांनंतर करणाऱ्याच्याही स्मरणात राहत नाहीत. प्रत्येक कामाच्या पिशवीत मी एक चिठ्ठी ठेवते. तीवर सुईचा क्रमांक आणि टाक्यांची संख्या लिहिलेली असते, काम कोणत्या ओळीवर थांबले ते लिहिलेले असते, आणि सर्वांच्या वर, ते काम ज्याच्यासाठी आहे त्याचे नाव असते.

त्या नावाचे महत्त्व मला सर्वांत अधिक वाटते. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले, तेव्हा स्त्रियांच्या शिक्षणात शिवणकामाला आणि हस्तव्यवसायाला जे स्थान मिळाले, त्यामागे स्त्रीने स्वावलंबी व्हावे हा उदात्त हेतू होता. आणि जी स्त्री मोलाने काम करते, तिच्या कामांचा क्रम गिऱ्हाईक आणि मुदत ही दोघे मिळून ठरवीत असतात. घरासाठी, आप्तांसाठी काम करणाऱ्या स्त्रीकडे तगादा लावणारा कोणी येत नाही. प्रेमाने वाट पाहणारा माणूस मागणी करीत नाही, विलंबाबद्दल विचारीतही नाही, आणि त्यामुळे ज्यांचा हक्क सर्वांत मोठा, त्यांचेच काम थकबाकीत पडण्याचा संभव अधिक. तो क्रम आपला आपणच लावावा लागतो, आणि तो लावताना कामाचा आरंभ केव्हा झाला किंवा त्यातील किती भाग उरला, यापेक्षा त्या माणसाच्या आयुष्याचा काळ कोणत्या गतीने चालला आहे, हे पाहणे न्यायाचे आहे. नातवाची छाती एका हिवाळ्यात किती भरेल याचा भरवसा नाही, म्हणून त्याचा स्वेटर मी मापापेक्षा मोठाच घेतला आहे आणि बाह्यांना दुमडता येईल इतकी पट्टी ठेवली आहे. नव्या सुनेची पहिली संक्रांत एकदाच येते. काळ्या साडीवर शुभ्र हलव्याचा हार, बाजूबंद आणि नथ घालून ती त्या दिवशी पाटावर बसावयाची, तर ते दागिने त्याच दिवशी हवेत, आणि दुसऱ्या कोणत्याही दिवशी त्यांना प्रयोजन नाही.

आत्याबाईंच्या गोधडीची गोष्ट याहूनही नाजूक आहे. त्यांची ऐंशी वर्षे उलटली आहेत. गोधडीचे थर ज्या लुगड्यांचे आहेत ती माझ्या आजीची, म्हणजे त्यांच्या आईची. आणि वैशाखात मी ती अंथरली, तेव्हा आत्याबाई शेजारी येऊन बसल्या आणि एकेका काठावरून बोट फिरवीत सांगू लागल्या, ही आईची संक्रांतीची चंद्रकळा, हे तुझ्या बाबांच्या मुंजीत नेसलेले, हे मला माहेरपणाला नेण्यास आली होती तेव्हाचे. ही ओळख आता घरात दुसऱ्या कोणालाही नाही. त्यांनी सांगितले तसतसे मी तुकड्यांचे स्थान कागदावर टिपून घेतले, आणि तेव्हापासून दुपारी त्या आल्या की गोधडी उलगडून बसण्याचा परिपाठ ठेवला आहे. कडेकडेने धावदोरा घालीत, चौकोनाच्या आत चौकोन करीत, मध्याकडे जावयाचे अशी गोधडीची चाल असल्यामुळे, रोज सुई ज्या तुकड्यावर पोहोचते त्या तुकड्याचीच हकीकत निघते. आमच्या बाजूच्या हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी स्त्रियाही आपली कवंदी अशीच कडेकडून आत शिवीत जातात आणि तिच्या कोपऱ्यांना कापडाची लहान फुले लावल्यावाचून ती पूर्ण झाली असे समजत नाहीत. तशी फुले मी याही गोधडीला लावणार आहे, आणि त्यांसाठी लागणारे चार तुकडे आत्याबाईंनी स्वतः निवडले आहेत.

या विचाराने या हंगामाचा जाबता मी मुक्रर केला आहे. दुपारची वेळ गोधडीची, आणि तीत दुसऱ्या कोणत्याही कामाला प्रवेश नाही. आत्याबाईंना पांघरता यावी म्हणून ती याच थंडीत शिवून झाली पाहिजे. स्वेटर संध्याकाळी. पौष लागला की पहाटेचा वेळ हलव्याला. तोरणाला कोणत्याही माणसाच्या वयाची मुदत नाही, म्हणून साखळी आणि खांब नुकतेच शिकलेल्या पुतणीच्या हाती मी ते सोपवले आहे, आणि तिच्या हाताला वळण लागेल तितक्या सावकाश ते होऊ द्यावे असे ठरवले आहे. इरकलीचा पदर माझा स्वतःचा आहे. त्याच्या चिठ्ठीवर माझेच नाव असल्यामुळे, परतीची वाट पुरी करून, सुई काढून, मी तो घडी घालून पेटीत ठेवला आहे, आणि फाल्गुनात दिवस मोठा होऊन सकाळचा उजेड लांबला म्हणजे रथाच्या चाकांना आरंभ करीन. तोपर्यंत दुसरे एखादे काम फेरिस्तेत येणारच, आणि ते यावे अशी माझी इच्छाही आहे. त्याला मंजुरी देण्यापूर्वी चिठ्ठीवर एक नाव लिहावे, आणि त्या नावाच्या माणसाजवळ वाट पाहण्याइतका काळ आहे की नाही, याचा प्रामाणिक अंदाज घ्यावा, एवढे एकच बंधन मी स्वतःवर घालून घेतले आहे, आणि शिकावयास येणाऱ्या प्रत्येक मुलीला, पहिला टाका शिकवण्याच्याही आधी, मी तेच सांगत असते.