फळ कोणाचे, नाव कोणाचे? पीच, हापूस आणि मालवणचे परडे

१.
मालवणच्या किनाऱ्यावर पीच पिकत नाही. त्या झाडाला फुलण्यापूर्वी कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते, आणि समुद्राकाठचा हिवाळा तितका थंड कधीच होत नाही. तरीही ‘पीच’ हा शब्द मालवणच्या बाजारपेठेत पोहोचला आहे. साडीच्या दुकानात अबोली आणि नारिंगी यांच्या मधली एक फिकी छटा दुकानदार ‘पीच कलर’ म्हणून दाखवतो. फळ न चाखलेल्या गावात फळाचे नाव रंग होऊन येते, ते कसे? आणि ज्या गावात फळे उदंड पिकतात, तेथील नावे कोठे जातात? या दोन प्रश्नांचा हा मागोवा.

२.
पीच मूळचे चीनचे. तेथे हजारो वर्षांपासून त्याची लागवड होत आली. परंतु ते युरोपात पोहोचले इराणमार्गे, म्हणून रोमन लोकांनी त्याला ‘पर्शियाचे सफरचंद’ म्हटले. त्यातील ‘पर्शिया’च झिजत झिजत फ्रेंचमध्ये ‘पेश’ आणि इंग्रजीत ‘पीच’ झाला. अठराव्या शतकात लिनियसने शास्त्रीय नाव दिले, तेव्हाही ‘पर्सिका’ हेच विशेषण कायम राहिले. फळ एका देशाचे आणि नाव वाटेवरच्या दुसऱ्या देशाचे, असा हा प्रकार आहे.

३.
भारताने मात्र या फळाला मूळ गावाचे नाव दिले होते. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग पंजाबातील ‘चीनभुक्ती’ नावाच्या प्रदेशात आला. कनिष्काच्या काळी चीनकडून ओलीस म्हणून आलेले लोक तेथे राहत आणि पीच व नाशपाती ही झाडे त्यांनीच या भूमीत आणली, अशी हकिगत त्याने नोंदवली आहे. म्हणून पीचला येथे ‘चीनानी’ आणि नाशपातीला ‘चीनराजपुत्र’ म्हणत. पुढे ही नावे लोपली. उत्तरेत ‘आडू’ रूढ झाला, फारसीतून ‘शफ्तालू’ आला आणि शेवटी इंग्रजीतून ‘पीच’.

४.
या यात्रेकरूचे आणि पीचचे नाते एवढ्यावर संपत नाही. सोळाव्या शतकात चीनमध्ये ‘पश्चिमेची यात्रा’ ही प्रचंड कादंबरी लिहिली गेली. तिच्यात हाच भिक्षू बौद्ध ग्रंथांच्या शोधात भारताकडे निघतो आणि त्याच्या रक्षणाला असतो सुन वुखोंग नावाचा वानर. या वानराने पूर्वी स्वर्गातील बागेत राखणदार असताना अमरत्व देणारे पीच चोरून खाल्लेले असतात. त्यांतील उत्तमोत्तम फळे नऊ हजार वर्षांनी पिकणारी. उगवता सूर्य फळ समजून झेपावणाऱ्या मारुतीची कथा ज्यांनी लहानपणी ऐकली आहे, त्यांना हा वानर अगदीच परका वाटू नये. आजही नाटक, चित्रपट, चित्रकथा आणि संगणकीय खेळ यांतून त्याचे पीच हिंडत असते. जपानच्या लोककथेत तर नदीतून वाहत आलेल्या पीचमधून ‘मोमोतारो’ हा बालवीरच जन्म घेतो. युरोपीय कवितेत हे फळ गालाची उपमा झाले आणि मोबाइलच्या चिन्हलिपीत येईपर्यंत बरेच चावट.

५.
आता मालवणकडे वळू. आंबा आणि पीच ही दोन्ही अश्मगर्भी फळे: वर साल, आत गर आणि मध्यभागी एक कठीण कोय, मालवणीत ‘बाठो’. नावाच्या बाबतीतही दोघांचे नशीब सारखेच आहे. आंबा याच भूमीचा. संस्कृतातील ‘आम्र’पासून मराठीतील ‘आंबा’ आणि मालवणीतील ‘आंबो’ सरळ उतरले. परंतु त्यातील सर्वांत मानाच्या जातीचे नाव परके. ‘हापूस’ म्हणजे ‘आफोन्सो’ या पोर्तुगीज नावाचे कोकणी जिभेवर झालेले रूप. १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो द अल्बुकर्कशी ते परंपरेने जोडले जाते.

६.
पोर्तुगीजांनी आंबा आणला नाही; त्यांच्या काळात गोव्यात आंब्याची कलमे बांधण्याची विद्या बहरली. तेथून कलमे उत्तरेला तेरेखोलच्या अलीकडे आली, आणि नावेही आली. ‘पायरी’चे मूळ ‘पेरेस’ या आडनावात सांगितले जाते. गोव्याचा लाडका ‘मानकुराद’ हा ‘मालकोरादा’ या शब्दाचा अपभ्रंश. त्याचा अर्थ ‘वाईट रंगाचा’! ज्यांनी रंग पाहून नाव ठेवले त्यांचा शब्द टिकला. ज्यांनी चव ओळखली त्यांनी तोच शब्द लाडाने उच्चारला.

७.
परड्यातील इतर झाडांचीही हीच कथा. ‘काजू’ आणि ‘अननस’ हे शब्द ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या भाषांतून पोर्तुगीजांच्या तोंडी आणि तेथून कोकणात आले. ‘पेरू’ हे नाव नाशपातीसाठीच्या पोर्तुगीज ‘पेरा’ या शब्दाशी जोडले जाते. म्हणजे मुळात ते दुसऱ्याच फळाचे. स्वयंपाकघरातील आलुबुखारात बुखारा शहर आहे. चित्रांचेही तसेच. आंब्याच्या कोयीसारखा वळणदार आकार मराठी स्त्रिया साडीच्या काठावर, मेंदीत आणि कुंकवाच्या करंड्यात ‘कोयरी’ म्हणून ओळखतात. जग मात्र त्याला ‘पेझली’ म्हणते. पेझली हे स्कॉटलंडमधील एक विणकरांचे गाव. एकोणिसाव्या शतकात तेथे काश्मिरी शालींच्या नकला विणल्या जात.

८.
यामागे एक साधे कारण आहे. कोयीतून उगवलेले आंब्याचे झाड आईसारखे निघेलच असे नसते. म्हणून प्रत्येक रायवळ आंबा हा एकुलता एक. कलम मात्र मूळ झाडाची हुबेहूब प्रत असते. देवगडच्या कातळावरील हापूस आणि रत्नागिरीचा हापूस ही वस्तुतः एकाच झाडाची पसरलेली अंगे. फरक पडतो तो जमीन, वारा आणि निगा यांमुळे. ज्या फळाच्या हजारो प्रती होतात आणि ज्या प्रती पेटीत भरून दूर जातात, त्याला एकच ठरलेले नाव लागते. ते नाव ठेवतो वाटेवरचा व्यापारी, अधिकारी किंवा सत्ताधीश.

९.
‘कलम’ हा शब्दही प्रवासीच. अरबीत त्याचा अर्थ बोरूची लेखणी. मराठीत झाडाचे कलम, लिहिण्याची कलम आणि कायद्याचे कलम असे तिन्ही अर्थ नांदतात, आणि हापूसच्या अलीकडच्या इतिहासात ते एकत्र आले आहेत. इतर प्रांतांतील आंबा कोकणच्या नावाने विकला जाऊ लागला, तेव्हा बागायतदारांनी भौगोलिक निर्देशांकाच्या कायद्याचा आधार घेतला. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला ती नोंदणी मिळाली. पोर्तुगीज नावावर कोकणी माणसाचा हक्क कागदावर लिहिला गेला. वर्षभर मोहोर, तुडतुडे, अवकाळी पाऊस आणि आतून फळ नासवणारा ‘साका’ यांच्याशी झुंजणाऱ्या कुटुंबासाठी हा अभिमानाइतकाच पोटाचाही प्रश्न आहे.

१०.
किनाऱ्यावरच नव्याने नाव ठेवले गेल्याची उदाहरणेही आहेत. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात १९८१ मध्ये दिली. त्याच वर्षी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून १९९२ मध्ये आलेल्या, अगदी पातळ कोयीच्या जातीला ‘सिंधु’ म्हटले गेले. येथे फळ, संशोधक आणि नाव तिन्ही एकाच भूमीचे.

११.
परंतु सर्वांत जुनी नावे कोणत्याही नोंदवहीत नाहीत. कोकणच्या परड्यांत रायवळ आंब्याचे प्रत्येक झाड स्वतःच्या नावाने ओळखले जाई. खोबऱ्यासारख्या चवीचा खोबरी, गोडमिट्ट तो साखरी, शेपूचा वास येणारा शेपू, लहान गोल फळांचा गोटी. कोणी विहिरीकडचा, कोणी देवळाकडचा. सासवासाठी कोणत्या झाडाचे आंबे, लोणच्याला कोणते, साट कोणाच्या रसाचे चांगले होते, हे घरातील वृद्धेला पाठ असे. ही नावे ठेवणारे कोठून आलेले नव्हते आणि फळ कोठे पाठवणारही नव्हते. त्यांनी फक्त ते चाखले होते.

१२.
रायवळाला बाजारात भाव नाही. घराचे वाटे होतात, रस्ता रुंदावतो, लाकडाला गिऱ्हाईक मिळते आणि झाड पडते. हापूसचे एक झाड पडले तर नाव राहते, कारण त्याच्या लाखो प्रती आहेत. खोबरी पडला की ती चव जाते आणि काही वर्षांत नावही. ‘चीनानी’ हा शब्द केवळ एका यात्रेकरूने लिहून ठेवला म्हणून आज ठाऊक आहे.

१३.
रायवळाचीही कलमे बांधता येतात. त्यासाठी एक निरोगी काडी पुरते. नाव टिकवायला तर वहीचे एक पान पुरेसे आहे. येत्या वैशाखात गावी जाणाऱ्यांनी घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला परड्यात न्यावे, एकेका झाडाकडे बोट दाखवून त्याचे नाव विचारावे, आणि ते जसे उच्चारले जाईल तसेच लिहून घ्यावे.