परतीच्या वाटेवरचं तेल

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा रेस ट्रॅक आहे. १९९० साली सुरू झालेला, ३.७ किलोमीटरचा. पुण्याहून आमची गाडी ट्रकवर चढवून तिथं न्यायची तर सातारा, कोल्हापूर, हुबळी, बंगळूर असा जवळजवळ बाराशे किलोमीटरचा प्रवास होतो. एवढं अंतर तुडवून गेलेली गाडी सहाव्या फेरीला पिटमध्ये परत आली. बॉनेटच्या फटीतून पांढरट धूर येत होता. आत बसलेला मुलगा कोल्हापूरचा. हेल्मेट काढता काढता म्हणाला, “मामा, स्टिअरिंग आधी किंचाळलं आणि मग एकदम जड झालं. वळणात. हात मागं ओढल्यासारखे झाले.”

बॉनेट उघडलं. पॉवर स्टिअरिंगच्या टाकीचं झाकण ओलं होतं, बाजूनं तेल ओघळून गरम लोखंडापर्यंत पोचलं होतं. टाकीत उरलेलं तेल फेसाळलं होतं, ताकावर यावा तसा फेस. हाताखालचा पोरगा लगेच फडकं घेऊन पुसायला लागला. मी त्याला थांबवलं. तेल कुठून आलं, कुठवर गेलं, हे पुसण्याआधी बघून घ्यायचं असतं.

गाडी जुनी होंडा सिटी, १.५ व्हीटेक. आपल्याकडच्या ट्रॅकवर या गाडीनं एक पिढी घडवली. इंजिनला वरच्या आरपीएमवर चढायला आवडतं आणि स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, पुढच्या पिढीतल्या सिटीसारखं विजेवर चालणारं नाही. हायड्रॉलिक स्टिअरिंगमधून टायर काय सांगतोय ते तळहाताला कळतं. माझी ही ठाम समजूत आहे, आणि म्हणूनच हे तेल मला इतकं महत्त्वाचं वाटतं.

हे तेल का तापतं? बरेच जण सांगतात, ट्रॅकवर स्टिअरिंग जास्त फिरवतो म्हणून. ते अर्धंच खरं आहे. चिकट टायर असले, वेगात वळण घेतलं की चाकं वळवणाऱ्या रॅकवर जोर येतो हे कबूल. पण खरी गोष्ट पंपात आहे. इंजिनच्या बेल्टवर फिरणारा हा पंप मुळात पार्किंगसाठी बनवलेला असतो. इंजिन साडेसातशे आरपीएमवर गुरगुरत असताना, गाडी जागच्या जागी उभी असताना, चाकं वळवायची तर सगळ्यात जास्त ताकद लागते. तेवढ्या मंद फेऱ्यांतही पुरेसं तेल मिळावं असा त्याचा घाट. आता हाच पंप ट्रॅकवर साडेसहा हजारावर फिरवा. आठपटीहून जास्त फेरे. रॅकला एवढं तेल नकोच असतं, म्हणून पंपातलाच एक व्हॉल्व्ह जादा तेल वळवून परत पंपाच्याच तोंडाशी सोडतो. तेच तेल पुन्हा घुसळलं जातं, पुन्हा वळतं, पुन्हा घुसळलं जातं. दाणे न टाकता जातं फिरवलं तर दगडाला दगड घासून जसा तापतो, तसं हे. काम काहीच होत नाही आणि इंजिनची ताकद मात्र उष्णता होऊन तेलात उतरते.

पॉवर स्टिअरिंगचं पहिलं चालतं रूप फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्यानं १९२६ साली गाडीत बसवून दाखवलं होतं. विक्रीच्या मोटारीत ते आलं १९५१ मध्ये, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. त्या गाड्या जड होत्या आणि चालवणाऱ्याचे खांदे भरून येत, त्यावरचा तो उपाय होता. ट्रॅकवर एकामागून एक वीस फेऱ्या त्या उपायाच्या हिशेबात कधीच नव्हत्या.

त्या खेपेहून पुण्याला परतल्यावर मी पहिली चूक केली. मोठा, थरांचा कूलर आणला, गिअरबॉक्सला लावतात तसला, आणि रेडिएटरच्या पुढ्यात मधोमध बसवला. दिसायला फार सुंदर दिसला. पुढच्या खेपेला इंजिनच्या पाण्याचा काटा वर चढला, कारण रेडिएटरला जाणारा वारा मीच अडवला होता. शिवाय त्या कूलरमधून तेल जाताना अडत होतं आणि रॅकच्या परतीच्या बाजूला विनाकारण दाब साठत होता. त्या बाजूच्या सीलना दाबाची सवय नसते. महिन्याभरात रॅक पाझरायला लागली. दोष माझाच होता. तेलाला काय हवंय ते न विचारता मी दुकानात जे मोठं दिसलं ते घेतलं होतं.

मग शांतपणे विचार केला. कूलर लावायचा तो परतीच्या नळीवर, रॅकमधून टाकीकडे येणाऱ्या वाटेवर. पंपाकडून रॅककडे जाणाऱ्या नळीत सत्तर-ऐंशी बारचा आणि त्याहून जास्त दाब येऊ शकतो. तिथं कूलर लावणं म्हणजे आग लावण्याची तयारी. पण परतीच्या वाटेवर जे येतं ते फक्त रॅककडे गेलेलं तेल. पंपाच्या पोटात गोल गोल फिरून तापणारं तेल त्या फेऱ्यात कूलरपर्यंत पोचतच नाही. हे लक्षात आलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मी गॅरेजचं शटर पुन्हा वर केलं.

उपाय दोन झाले, आणि त्यांतला मुख्य उपाय कूलर नव्हता. भोसरीतल्या लेथवाल्याकडून पंपाची पुली सव्वापट मोठी करून घेतली. अॅल्युमिनियमची, बेल्टच्या खाचा हुबेहूब मूळ पुलीसारख्या. पंपाचे फेरे पाचव्या हिश्शानं उतरले. बेल्ट जरा लांब घ्यावा लागला. गाडी पिटमध्ये ढकलताना स्टिअरिंग थोडं जड लागतं, ते चालवणाऱ्यानं आनंदानं सोसलं. कूलर साधा घेतला, एकच नळी वळवून तिच्यावर पत्र्याचे फिन बसवलेला. बंपरच्या डाव्या कोपऱ्यात, जिथं वारा मिळतो पण रेडिएटरची वाट अडत नाही, तिथं रबरी बुशांवर टांगला.

नळीच्या बाबतीत मी हट्टी आहे. पाण्याची नळी तेलाला चालत नाही. ती आतून फुगते, मऊ पडते आणि क्लिपखालून घसरते. तेलाची, तापमान छापलेलीच नळी घ्यायची. धातूच्या पाइपच्या टोकाला उभार असलाच पाहिजे, नाहीतर क्लिप कितीही आवळा, दाब आला की नळी निघते. आणि या गाडीत कंपनीनं सांगितलेलं होंडाचंच स्टिअरिंग तेल. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल ओतून चालतंय म्हणणारे खूप भेटतात. सील गेल्यावर ते भेटत नाहीत.

हवा काढणं हे माझं आवडतं काम. पुढची चाकं स्टँडवर उचलायची, इंजिन बंद ठेवायचं, आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळा फिरवायचं. टाकीत बुडबुडे येतात, येतात, मग विरळ होतात. घाई केली तर त्यांचाच फेस होतो. मग इंजिन चालू केल्यावर स्टिअरिंग टोकाला नेऊन धरून ठेवायचं नाही, कारण तिथं दाब शिगेला पोचतो आणि काही सेकंदांतच तेल भाजून निघतं. शेवटी टाकी गार असतानाच्या खुणेपर्यंतच भरायची. शंभर अंशांनी तापलेलं तेल साधारण सात टक्के फुगतं, त्याला जागा लागते. झाकणातून उतू जाणारं कितीतरी तेल केवळ भरताना दाखवलेल्या प्रेमामुळे जातं.

टाकीवर तापमानाची नवी पट्टी चिकटवली. ठरावीक अंशाला चौकट काळी पडते आणि काळीच राहते. त्याआधीच्या खेपेला १३२ पर्यंतच्या चौकटी काळ्या झाल्या होत्या. या खेपेला, त्याच ट्रॅकवर, ११० च्या पुढची एकही नाही. त्या मुलानं पंधरा फेऱ्या मारल्या. खाली उतरल्यावर तो वेळेबद्दल बोललाच नाही. म्हणाला, “मामा, पहिल्या फेरीला स्टिअरिंग जसं होतं तसंच शेवटच्या फेरीला होतं.” मला एवढंच ऐकायचं होतं. तेल पातळ झालं, फेसाळलं की हाताला मिळणारं वजन दर वळणाला बदलतं. मग टायर सुटतोय की तेल दगा देतंय, हे चालवणाऱ्याला कळत नाही. त्या संशयात तो ब्रेक उशिरा किंवा लवकर दाबतो.

आणि सांडलेलं तेल तुमच्या गाडीतच राहत नाही. ते ट्रॅकवर पडतं, नेमकं वळणाच्या रेषेवर, जिथून मागचा माणूस जाणार असतो. ट्रॅक दिवसाला मागून येणारा कधी दोन चाकांवरही असतो.

म्हणून ट्रॅकवर उतरण्याआधी इंजिन गार असताना बॉनेट उघडा. स्टिअरिंगच्या टाकीच्या झाकणाभोवती आणि परतीच्या नळीच्या क्लिपखाली बोट फिरवा. बोटाला तेल लागलं, तर त्या दिवशी गाडी पिटमध्येच उभी ठेवा.