रुप्याच्या बाणावरील पदके

छंदांचे प्रकार अनेक आहेत. कोणी टपालाची तिकिटे जमवितो, कोणी जुनी नाणी. काही लोक मात्र जुन्या तिरंदाजीच्या स्पर्धांतील बक्षिसाची पदके गोळा करतात. असे पदक हाती आले, म्हणजे खरा संग्राहक त्यातील रुपे तोलीत बसत नाही. त्यावर कोरलेली अक्षरे, सन आणि चिन्हे तो भिंगाखाली धरून वाचतो. काळवंडलेले पदक घासून लखलखीत करण्याचा मोहही तो आवरतो. कारण घासता घासता अक्षरेही झिजतात, आणि अक्षरे गेली की पदक मुके होते.

अशा बोलक्या पदकांचा एक अपूर्व संग्रह स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने जतन केला आहे. सतराव्या शतकात बंदुकीपुढे धनुष्याचे युद्धातील महत्त्व ओसरले होते. तथापि खेळ म्हणून तिरंदाजी टिकून राहिली. या विद्यापीठात 1618 पासून 1754 पर्यंत विद्यार्थ्यांच्या तिरंदाजीच्या स्पर्धा भरत असत. पारितोषिक म्हणजे रुप्याचा बाण. परंतु तेथील रीत मोठी विलक्षण होती. विजेत्याला तो बाण कायमचा आपलासा करता येत नसे. उलट, त्यानेच रुप्याचे पदक घडवून घ्यावे, त्यावर आपल्या घराण्याचे चिन्ह कोरवावे आणि ते बाणाला अडकवावे, असा प्रघात होता. जिंकणाऱ्याने काही घ्यावयाचे नसून द्यावयाचे, असे हे बक्षीस! आज त्या संग्रहात 3 बाण आणि 70 पदके आहेत.

त्यांतील दोन पदकांपाशी जाणकाराची नजर खिळून राहते. एक आहे 1623 सालचे, आर्चिबाल्ड कॅम्बेल याचे. हाच पुढे अर्गाइलचा मार्क्विस झाला. दुसरे 1628 सालचे, जेम्स ग्रॅहम याचे. तो पुढे माँट्रोझचा मार्क्विस म्हणून प्रसिद्धीस आला. एकाच विद्यापीठात नेम धरावयास शिकलेले हे दोन तरुण यादवी युद्धात एकमेकांचे कट्टर वैरी बनले. 1645 साली इन्व्हरलॉखीच्या लढाईत माँट्रोझने अर्गाइलच्या सैन्याचा धुव्वा उडविला. पुढे पारडे फिरले. अर्गाइलच्या पक्षाच्या हाती सत्ता असताना, 1650 मध्ये, माँट्रोझला एडिंबरो येथे फाशी देण्यात आले. राजसत्ता परत आली आणि 1661 मध्ये त्याच नगरात अर्गाइलचाही शिरच्छेद झाला.

त्या दोघांनी एकमेकांविरुद्ध उपसलेल्या तलवारी कधीच म्यान झाल्या आहेत. विद्यार्थिदशेत मिळविलेली त्यांची पदके मात्र आजही एकाच संग्रहात नांदत आहेत. इतिहासाच्या ग्रंथांत हे दोघे शत्रू म्हणून भेटतात. या पदकांत ते खेळाडू म्हणून भेटतात. रुप्याचे मोल बाजारात ठरते. पण तीनशे वर्षांहून अधिक काळ टिकलेली ही ओळख बाजारात मिळत नाही. जुनी पदके जपणारा संग्राहक जपत असतो, तो हाच ठेवा.