आंबोलीचा पाऊस आणि मोटारीचे छत

वर्षाकाठी पुण्यात जेवढा पाऊस पडतो त्याच्या जवळजवळ दसपट एकट्या आंबोलीत पडतो. शाळेत भूगोल शिकताना सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसाचे आकडे आपण पाठ केलेले असतात. पण सात हजार मिलिमीटर म्हणजे काय प्रकरण आहे हे कळायला जुलै महिन्यात तेथे निदान दोन रात्री काढाव्या लागतात. अरबी समुद्रावरून निघालेले ढग सावंतवाडी ओलांडून येतात तो समोर सातशे मीटरांचा डोंगर आडवा. वर चढल्याखेरीज गत्यंतर नाही, आणि अंगावरचे ओझे टाकल्याखेरीज चढवत नाही. ते सगळे ओझे आंबोलीकरांच्या कौलांवर येऊन पडते. उशी दमट, आगपेटी दमट, पापड मऊ, आणि वाळत घातलेला पंचा तिसऱ्या दिवशीही पिळून घ्यावा असा. याबद्दल तक्रार करणारा माणूस मात्र गावात भेटत नाही. तक्रार करतो तो आपल्यासारखा पाहुणा.

आम्ही २०२४ च्या जुलैत निघालो ते खरे म्हणजे सावंतवाडीला. आईची थोरली बहीण तेथे असते. वय नव्वदीला टेकलेले, त्यात महिनाभर अंथरुणाला खिळलेली. "पावसाळा सरू दे, दिवाळीत निवांत जाऊ," असे मी म्हटले, तेव्हा आई एवढेच म्हणाली, "दिवाळीपर्यंत कोण थांबतंय? ती, की मी?" यावर बोलणेच खुंटले. पुणे, कोल्हापूर, निपाणी, तेथे महामार्ग सोडून उत्तूर आणि आजरा, मग रात्री आंबोलीला मुक्काम आणि सकाळी घाट उतरून सावंतवाडी, असा बेत ठरला. आईला मागच्या आसनावर बसले की मळमळते, म्हणून ती पुढे, माझ्या डावीकडे. मागे सौ. आणि चिरंजीव.

आमच्या मोटारीला सनरूफ आहे. छतात बसवलेली सरकती काच म्हणजे सनरूफ. हौस चिरंजीवांची. जर्मनीसारख्या देशात उन्हाचे चार दिवस पाहुण्यासारखे येतात. तेथे छत उघडून ते अंगावर घेण्याची युक्ती कोणाला सुचली तर नवल नाही. आपल्याकडे ऊन घरचेच. येथे त्या झरोक्याचा उपयोग पोरांना उभे करून वरात मिरवण्याकडेच अधिक होतो, आणि तो फार धोक्याचा आहे. अचानक ब्रेक लागला तर उभ्या पोराला आधार कशाचा? आमच्या घरी याला सक्त मनाई आहे, म्हणून तो झरोका वर्षातले अकरा महिने बंदच असतो.

कोल्हापूरपर्यंत रिमझिम होती. आजरा सोडले आणि पाऊस असा कोसळू लागला की काचेवरचे वायपर नुसते हात हलवून नको नको म्हणत असल्यासारखे दिसू लागले. एका गतिरोधकापाशी ब्रेक दाबला, आणि आरशाच्या वरचा जो छोटा दिवा असतो त्याच्या फटीतून पेलाभर पाणी थेट आईच्या मांडीवर! पुढच्या गतिरोधकाला पुन्हा तसेच. आईने पदर झटकला आणि म्हणाली, "वरून पाणी घालायला मी काय तुळस आहे?" आंबोलीत पोहोचेपर्यंत तिच्या पायाखालचा गालिचा दाबला की पाणी वर येत होते.

उतरलो होतो ते एक साधे कौलारू घर. मालक साठीचे, सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी मोटार गवताच्या शेडमध्ये घ्यायला सांगितले. मी एका मोठ्या शहरातल्या मोटार-दुरुस्तीवाल्यांना दूरध्वनी केला. पलीकडच्या गृहस्थांनी मोटार न पाहताच निदान केले: छताची अख्खी चौकट बदलावी लागेल, खर्च पाऊण लाखाच्या घरात, आणि गाडी चार दिवस ठेवावी लागेल. तोवर घाटात जाऊ नका, हेही वर. शेजारच्या खोलीत उतरलेल्या एका सद्गृहस्थांचा उपाय स्वस्त होता. सिलिकोनची एक नळी आणायची आणि काचेच्या चारी कडा लिंपून टाकायच्या.

हे दोन्ही उपाय मी बाजूला ठेवले. पहिला प्रश्न हा की पाणी सनरूफचेच कशावरून? मोटारीत पाणी शिरण्याच्या वाटा अनेक. वातानुकूलन यंत्राचे पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली तर तेही डाव्या पायाशीच साचते. पण ते पाऊस नसतानाही येते, आणि स्वच्छ असते. आमच्या गालिच्यातले पाणी गढूळ होते. पुढच्या काचेच्या डिंकाला फट पडली तर पाणी खांबावरून किंवा काचेखालून ओघळते, ब्रेक दाबल्यावर दिव्यातून पेलाभर सांडत नाही. ब्रेक लागताच पाणी पुढे झेपावते याचा अर्थ वर कोठे तरी ते साचून राहिले आहे, परातीत राहावे तसे.

आणि अशी परात खरोखरच असते. हे पुष्कळ मोटारवाल्यांना ठाऊक नसते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सनरूफच्या काचेभोवतीची रबरी पट्टी पाणी पूर्णपणे अडवण्यासाठी नसतेच. ती बहुतेक पाणी परतवते. थोडे आत शिरणार हे मोटार बनवणाऱ्याने आधीच गृहीत धरलेले असते. काचेखाली चारी बाजूंनी पन्हळ असलेली एक चौकट बसवलेली असते आणि तिच्या कोपऱ्यांत भोके असतात. प्रत्येक भोकाला करंगळीपेक्षाही बारीक अशी एक नळी. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेलगतच्या खांबांतून खाली उतरतात, मागच्या दोन मागच्या खांबांतून. आत शिरलेले पाणी बसणाऱ्याला पत्ता न लागता रस्त्यावर पडते. नळी तुंबली की परात भरते, आणि भरलेली परात हिंदकळली की आईची तुळस होते. कडा सिलिकोनने लिंपल्या तर तुंबलेली नळी तुंबलेलीच राहते, लिंपण वर्षभरात कोठे तरी सुटते, आणि काच मात्र कायमची चिकटून बसते.

हे सारे मी काकांना सांगत होतो. ते ऐकून हसले आणि छपराकडे बोट दाखवून म्हणाले, "पाणी येतलाच. तेका वाट करून देवक व्हयी." दरवर्षी मे महिन्यात ते स्वतः छपरावर चढून कौले शाकारतात. फुटके कौल बदलणे हे काम थोडे. पन्हळीतला पालापाचोळा आणि कौलांखालची माती काढणे हे जास्त.

घाई होती ती निराळ्याच कारणाने. आंबोली हे पाण्याच्या वाटणीचे गाव आहे. गावाजवळच्या गुहेतून हिरण्यकेशी उगम पावते, पूर्वेला जाऊन घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा कृष्णेला. म्हणजे ते पाणी बंगालच्या उपसागराला पोहोचते. तेथून थोड्याच अंतरावर घाटाच्या तोंडाशी पडलेला थेंब मात्र धबधब्यावरून कोकणात उतरून अरबी समुद्र गाठतो. जमिनीचा कल जिकडे, तिकडे पाणी. मोटारीचेही तेच. दुसऱ्या दिवशी आम्हाला घाट उतरायचा होता, म्हणजे मोटारीचे नाक सारा वेळ खाली. परातीतले सगळे पाणी पुढे येणार, आणि पुढची नळी तुंबलेली असेल तर घाटभर अभिषेक. आई भिजेल एवढ्यावरही भागत नाही. पुष्कळ मोटारींत विजेच्या तारांचे जोड आणि नियंत्रणाच्या पेट्या याच गालिच्याखाली किंवा पायांच्या बाजूला असतात. त्यांत पाणी गेले तर धुक्यातल्या वळणावर दिवेच जायचे.

तेव्हा संध्याकाळी शेडमध्ये काम काढले. सनरूफ उघडले, कंदिलाऐवजी चिरंजीवांच्या हातात विजेरी दिली, आणि चहाचा एक पेला भरून घेतला. रीत साधी आहे. परातीच्या एका कोपऱ्यात भोकापाशी पाणी हळूहळू ओतायचे आणि दुसऱ्याने खाली वाकून ते कोठून बाहेर पडते ते पाहायचे. एका वेळी एकच कोपरा. घाईने पाइपाचा फवारा मारला तर काहीच समजत नाही. मागच्या दोन्ही बाजूंचे पाणी मागच्या चाकांपलीकडे टपटपले. पुढच्या उजव्या कोपऱ्यातले दाराच्या बिजागऱ्यांमागच्या पोकळीतून आले. इतर मोटारींत ते मडगार्डाच्या मागे किंवा समोरच्या काचेखालच्या जाळीत पडते; आपल्या मोटारीचे तोंड कोठे आहे ते एकदा शोधून ठेवावे. पुढच्या डाव्या कोपऱ्यात ओतलेले पाणी मात्र तसेच उभे राहिले. चोर सापडला.

उभे राहिले हे एका अर्थी बरेच झाले. पाणी भोकात झटकन उतरले असते आणि खाली न येता गालिचा भिजला असता, तर नळी आतल्या आत निसटली आहे असा अर्थ झाला असता. ते काम घरी करायचे नव्हे. छताचे अस्तर उतरवावे लागते. खांबांवरची झाकणेही कोणी हौसेने ओढू नयेत. अपघातात फुगणाऱ्या पिशव्या पुष्कळ मोटारींत तेथेच दडवलेल्या असतात.

तुंबलेल्या नळीत काय घालावे? लोक सायकलची तार घालतात आणि नळीला भोक पाडून बसतात. हवेच्या पंपाने जोरात फुंकर मारली तर बोळा जागचा हलत नाही, पण नळी तिच्या जोडातून निसटू शकते. मऊ, लवचिक, तरी थोडे ताठ असे काही तरी हवे. काका उठून गवत कापायच्या यंत्राची तंगूस घेऊन आले. ही नायलॉनची जाड दोरी या कामाला अगदी मापात बसते. तिचे टोक वितळवून काडीच्या गुलाएवढी गोळी करायची, म्हणजे ते नळीला टोचत नाही. आगपेटी दमट असल्यामुळे हा विधी स्वयंपाकघरातल्या शेगडीवर झाला. मग तंगूस हलके हलके फिरवत आत सारायची. अडली की जोर लावायचा नाही; बाहेर काढून पुसायची आणि पुन्हा घालायची. नळीच्या खालच्या टोकाला रबरी ओठ असतात. त्यांत चिखल घट्ट बसलेला असतो, तो चिमटीत दाबून मोकळा करायचा. आमच्या नळीतला अर्धा ऐवज तेथेच होता.

आणि काय काय निघाले! पुण्यात आमची मोटार पर्जन्यवृक्षाखाली उभी असते. त्याची बारीक पाने, फुलांचे गुलाबी केसर, वर्षभराची धूळ आणि दोन-चार मेलेल्या मुंग्या, असा कालवून केलेला काळा लगदा वीतभर निघाला. मग कोमट पाण्याचा पेला सावकाश ओतला. आधी काही नाही. मग बिजागरीमागून काळे पाणी, मग तांबूस, मग स्वच्छ. चिरंजीव जमिनीवर पालथे पडून ओरडले, "आलं! आलं!" काकूंनी कोणाला तरी नातू झाला असे समजून बाहेर डोकावून पाहिले.

रबरी पट्टी ओल्या फडक्याने पुसून ती कोठे फाटली नाही ना, हे बोटाने चाचपले. चारी नळ्या वाहत असूनही पाणी आले असते तर पट्टीवर किंवा काचेच्या पातळीवर संशय घ्यावा लागला असता. काच छताशी समतल नसेल तरी पन्हळीला झेपणार नाही इतके पाणी आत जाते. पट्टीला खोबरेल किंवा यंत्राचे तेल मात्र लावू नये. तेलावर धूळ बसते, आणि यंत्राच्या तेलाने रबर फुगते. रबरासाठी वेगळे सिलिकोनचे वंगण मिळते.

कटकटीचे काम पुढेच होते. गालिच्याखाली स्पंजासारखा जाड थर असतो आणि तो पाणी सोडत नाही. वरून कोरडे दिसले म्हणून गालिचा तसाच ठेवला तर आठवड्यात कुबट वास आणि महिन्यात बुरशी. कडेची पट्टी काढून गालिचा उचलला, खाली जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे सारले आणि काकूंचा टेबलपंखा रात्रभर त्यावर सोडला. दर दोन तासांनी उठून कागद बदलायचे काम सौ.नी आणि मी वाटून घेतले. आंबोलीच्या त्या हवेत काही वाळवणे म्हणजे नदीत उभे राहून अंग पुसणे. तरी पहाटेपर्यंत कागद नुसते दमट निघू लागले.

सकाळी हिरण्यकेशीला जाऊन आलो. गुहेतून आलेले पाणी देवळापुढच्या कुंडात पडते. या कुंडात एक चिमुकला, सोनेरी छटेचा मासा राहतो. शास्त्रज्ञांनी २०२० साली त्याची नवी जात म्हणून नोंद केली, नदीवरूनच त्याचे नाव ठेवले, आणि २०२१ साली राज्य सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आईने कुंडातले पाणी डोळ्यांना लावले. मासा काही दिसला नाही, पण चिरंजीव अर्धा तास काठावरून हलले नाहीत.

घाट उतरताना पाऊस आदल्या दिवसासारखाच होता. मोठ्या धबधब्यापाशी मोटारींची रांग लागली होती, कणसे भाजण्याचा धूर धुक्यात मिसळला होता. प्रत्येक वळणाला ब्रेक दाबला की आम्ही चौघे वर, दिव्याकडे पाहत होतो. आईने मांडीवर पंचा पसरून ठेवला होता. दाणोलीला रस्ता सपाट झाला तेव्हा तिने त्याची घडी घातली.

मावशीला आधाराने उठवून बसवले होते. बहिणी बराच वेळ एकमेकींचे हात धरून बसल्या. मग मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या गाडयेचा छप्पर उघडता म्हणे?" दुसऱ्या दिवशी दुपारी घटकाभर उघडीप पडली. तिला खुर्चीवर बसवून अंगणात आणले आणि ते उघडून दाखवले. तिने बघितले, आणि विचारले, "आणि पाणी खंय जाता?"